दादरच्या शाळा: मुलगा मराठीत, मुलगी इंग्रजीत (एका जुन्या पेपरवर गप्पा)

आकडेमोड

मराठी मीडियम की इंग्लिश मीडियम हा धागा इथे दर दोन-तीन महिन्यांनी निघतोच, मग कुणीतरी ज्ञानेश्वर काढतं, कुणीतरी पॅकेज काढतं आणि शेवटी अ‍ॅडमिन कुलूप लावतात. म्हणून म्हटलं यावेळी मतं जरा बाजूला ठेवू आणि विदा (डेटा) बघू. पेपर जुना आहे, २००६ चा, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमधला, लेखक कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग. पण विषय दादरचा आहे, अक्षरशः आपल्या दादरचा. तिथल्या २९ पैकी २८ शाळांच्या दप्तरांतून १९८२ ते २००१ या वीस वर्षांत पहिलीत आलेली पोरं काढली आणि जवळपास ४,९०० घरी जाऊन आईवडिलांना विचारलं, जात कोणती, आजोबा काय करायचे, तुम्ही कुठल्या मीडियमला होतात, पगार कसकसा वाढत गेला.

पहिली गोष्ट पगाराची. तेवढीच वर्षं शिकलेले दोघे घेतले, एक इंग्लिश मीडियमचा आणि एक मराठीचा, तर २००० साली इंग्रजीवाल्या पुरुषाला साधारण २४ टक्के जास्त मिळत होते आणि बाईला साधारण २७ टक्के. १९८० च्या सुमाराला हा फरक बराच कमी होता. म्हणजे ९१ नंतर बँका, विमा, परदेशी कंपन्या, सॉफ्टवेअर वगैरे आल्यावर इंग्रजीचा भाव चढला. यात कुणाला धक्का बसायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट मात्र मला पहिल्यांदा वाचली तेव्हा नीट बसून परत वाचावी लागली. भाव चढल्यावर सगळ्याच जातींतली पोरं इंग्लिश मीडियमकडे सरकली, ठीक. मुलींच्या बाबतीत वरच्या आणि खालच्या जातींमधलं अंतर त्या वीस वर्षांत कमी कमी होत गेलं. मुलग्यांच्या बाबतीत ते अंतर तसंच राहिलं. जात तीच, चाळ तीच, बापाचा पगार तोच, आणि तरी मुलगी इंग्रजीत, मुलगा मराठीत. आपल्याकडे सगळे म्हणतात मुलावर जास्त खर्च करतात, इथे उलटंच.

त्यांचं उत्तर असं की ज्या जातींतले पुरुष पिढ्यानपिढ्या गिरणी, गोदी, रेल्वे, वर्कशॉप अशा कामगार नोकऱ्यांत होते तिथे नोकरी लावून द्यायची एक साखळी तयार होती. काका सांगणार, मामा साहेबाला भेटवणार, पोरगा चिकटणार. या नोकरीला इंग्रजी लागत नाही, ओळख लागते. आणि साखळी टिकायची तर पुढचे पोरगे त्यातच यायला हवेत, एकेक जण इंग्रजी शिकून ऑफिसात गेला तर उरलेल्यांना लावणार कोण? बायका या साखळीत कधी नव्हत्याच, त्यामुळे मुलीला धरून ठेवणारं काही नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, की पोराला मराठीत घालणारा तो बाप अडाणी नव्हता आणि अस्मितेचा झेंडा घेऊनही बसला नव्हता. त्याच्यापुरता हिशोब बरोबर होता, फक्त बिल पोराच्या नावावर फाटलं.

गिरणगावचा_पोर

आकडेमोड, हे वाचून अंगावर काटा आला हो, कारण तुम्ही जे "साखळी" म्हणताय ना ती मी पाहिलीये.

वडील लालबागला गिरणीत, साचाखात्यात म्हणजे विणकामाला. आधी कितीतरी वर्षं बदली. बदली म्हणजे काय हे नवीन लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, पास हातात पण काम रोजचं नाही, पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत गेटवर जाऊन उभं राहायचं, आज कुणी खाडा केलाय का ते कळेपर्यंत थांबायचं, आणि मग आतून जॉबर, म्हणजे कामाला माणसं लावणारा, येऊन बोट दाखवणार, तू, तू आणि तू. बाकीचे घरी. आता तो जॉबर कुणाकडे बोट दाखवणार? आपल्या तालुक्यातला असेल, आपल्या जातीतला असेल, आपल्याच गावच्या खोलीत राहणारा असेल त्याच्याकडे. आमच्या गावची एक खोली होती चाळीत, त्यात पाळीप्रमाणे माणसं झोपायची, रातपाळीवाला आला की पहिल्या पाळीवाला उठायचा. गावाहून नवीन पोरगा आला की वळकटी त्याच खोलीत, जेवण त्याच खानावळीत, आणि महिन्या दोन महिन्यात पास पण त्याच ओळखीतून.

घरात कधी कुणी बसून मीडियमची चर्चा केली नाही. मी चौथीत असताना संप झाला, जानेवारी ८२, डॉक्टर सामंतांचा, अडीच लाख कामगार बाहेर. आणि तरीसुद्धा घरात बोलणं हेच की हा दहावी झाला की अमक्याला सांगून कुठेतरी चिकटवू. गिरणी बंद पडतेय हे डोळ्यांनी दिसत होतं, पण गिरणी गेली तरी ओळखी गेल्या नव्हत्या ना, त्याच ओळखीतून कुणी बेस्टला लागला, कुणी गोदीत, कुणी सिक्युरिटीत. मीही तसाच लागलो. बहिणीला मात्र आईने हट्टाने इंग्लिश मीडियमला घातली. आज तिचा पगार माझ्यापेक्षा किती जास्त ते सांगत नाही, बायको वाचते इथे.

मुक्ता_ठाणे

@गिरणगावचा_पोर शेवटच्या वाक्यासाठी दंडवत :D

शंकेखोर

धागा चांगला आहे पण माझी नेहमीची शंका. इंग्लिश मीडियमला पोरं पाठवणारे पालक मुळातच जास्त पैसेवाले, जास्त शिकलेले, जास्त धडपडे असणार. मग ते २४ आणि २७ टक्के इंग्रजीचे की त्या घराचे? हा पगार इंग्रजीमुळे मिळाला असं छातीठोकपणे सांगता येतं का? उद्या कुणीतरी म्हणेल घरात फ्रिज असलेल्यांची मुलं जास्त कमावतात, तर फ्रिज वाटा.

आकडेमोड

@शंकेखोर, शंका रास्त आहे आणि पगाराच्या आकड्याला ती लागू पडते. पण पेपरचा खरा दावा पगाराचा नाहीच, दावा आहे मुलगा-मुलगी या फरकाचा. घर पैसेवालं असेल तर ते मुलासाठीही आणि मुलीसाठीही. आईबाप धडपडे असतील तर दोघांसाठीही. जातीला भाषेचं प्रेम जास्त असेल तर तेही दोघांसाठी. एकाच जातीतल्या मुलग्यांना लागू होतं आणि मुलींना होत नाही असं काहीतरी तुम्हाला शोधावं लागेल, आणि ते परत त्या जातीत कामगार पुरुष किती होते त्याच्याबरोबर वरखाली व्हायला हवं. नोकरीच्या साखळीशिवाय दुसरं काय बसतं सांगा.

आणि फक्त इंग्रजी आणि पगार एवढंच बघायचं असेल तर बंगाल बघा. डाव्या आघाडी सरकारने १९८३ पासून सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून टाकलं, हेतू चांगला होता, गरिबाच्या पोराला परक्या भाषेचं ओझं नको. ९९ नंतर हळूहळू परत आणलं. म्हणजे एका ठराविक वयाची अख्खी पिढी इंग्रजीला मुकली, त्यात पालकांच्या धडपडीचा काही संबंध नाही, सरकारने ठरवलं म्हणून मुकली. अर्थतज्ज्ञांना असं काही सापडलं की ते तुटून पडतात. तनिका चक्रवर्ती आणि शिल्पी कपूर बक्षी यांनी त्या पिढीच्या मजुरीचा हिशोब मांडला आणि मजुरी चांगलीच खाली आलेली निघाली. ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच फटका, कारण पैसेवाल्यांची मुलं प्रायव्हेटमध्ये इंग्रजी शिकतच होती.

आपल्याकडे २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का?

निळी_शाई

सगळं वाचलं. "साखळी", "नेटवर्क", "ओळख" हे शब्द फार गोड वाटतायत इथे. गिरणगावचा_पोर यांच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, त्या साचाखात्यात आमच्या आजोबांना पाय ठेवता येत नव्हता.

का, तर धोट्यातलं, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळ्यातलं, सूत संपलं की नवीन कांडी घालून धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यायला लागायचं. आता एका साच्यावर (मागावर) सकाळी हा, दुपारी तो, धोटा तोच, मग अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांनी तोंडाला कसा लावायचा? म्हणून विणकामाचं खातं बंद. आणि पगार तिथेच जास्त. आमची माणसं त्रासनखात्यात, रिंगवर, म्हणजे सूत कातायला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा उघड मांडला की कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारता तर आधी साचाखातं उघडा. म्हणजे ज्याला अर्थतज्ज्ञ नेटवर्क म्हणतात त्याला आतून बघणारा ओळख म्हणतो आणि बाहेर उभा असलेला कुंपण म्हणतो. साखळ्या सगळ्यांना होत्या, पण कुणाची साखळी साच्यापर्यंत जायची आणि कुणाची म्युनिसिपालटीच्या झाडूपर्यंत, ते काही साखळीवाल्यांनी ठरवलेलं नव्हतं.

आणि इंग्रजी शिकून ऑफिसात गेलं की जात सुटते असंही समजू नका. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला होता. पेपरात खासगी कंपन्यांच्या जाहिराती येतात त्यांना अर्ज पाठवले, शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त आडनाव वेगळं. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाची एक तृतीयांश. इंग्रजी सगळ्यांचं सारखंच होतं हो, अर्ज त्यांनीच लिहिले होते.

आकडेमोड

@निळी_शाई, धोट्याचा मुद्दा या धाग्यात यायलाच हवा होता. त्या पेपरमध्ये जातींचं वरच्या-मधल्या-खालच्या असं ढोबळ वर्गीकरण आहे, कुंपणाच्या आतबाहेरचा हा भाग त्यात झाकला जातो हे खरं. पण तुमच्या मुद्द्याने त्यांचं उत्तर ढासळत नाही, उलट घट्ट होतं. बाहेरचा दरवाजा बंद असेल तर माणूस आपल्या साखळीला आणखी चिकटणार. अर्ज करून बोलावणंच येणार नसेल तर पोराला इंग्रजी शिकवून करायचं काय हा प्रश्न बापाला पडला तर त्याला नावं कोण ठेवणार.

मुक्ता_ठाणे

मुलींबद्दल सगळे पुरुषच बोलतायत म्हणून लिहिते.

मी ती "इंग्रजीत घातलेली मुलगी". परळची चाळ, दादा मराठी शाळेत, मी कॉन्व्हेंटमध्ये. लोक म्हणतात आईबाबा किती पुढारलेले होते. पुढारलेले वगैरे काही नाही हो. दादाचं काय करायचं ते ठरलेलं होतं, त्याच्यासाठी तीन ठिकाणी शब्द टाकून ठेवलेले होते. माझं काही ठरलेलंच नव्हतं, मला कुठे लावणार होते? शेजारच्या काकूंनी सांगितलं इंग्लिश मीडियमची मुलगी असली की स्थळं बरी येतात, म्हणून घातलं. त्यातून पुढे मी बँकेत लागले हा बोनस. त्यामुळे "मुली साखळीत नव्हत्या म्हणून मोकळ्या होत्या" हे वाक्य बरोबर आहे पण जरा कडवट पण आहे, आमचं स्वातंत्र्य हे आमच्यासाठी कुणी काही राखून ठेवलं नव्हतं यातून आलं.

दुसरं म्हणजे शिकून पुढे काय? पगार २७ टक्के जास्त हा जी बाई कामाला आहे तिचा. कामालाच नसेल तर? सरकारच्या पीएलएफएसमध्ये (रोजगाराच्या पाहणीत) १५ वर्षांवरच्या बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ ला ४१.७ झाला म्हणून पेपरात मोठे मथळे आले. आत वाचलं तर वाढ मुख्यतः खेड्यात, आणि त्यातली कितीतरी स्वतःच्या शेतात नाहीतर घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी. माझ्या बॅचच्या कॉन्व्हेंटवाल्या निम्म्या मुली पहिल्या बाळानंतर घरी आहेत. इंग्रजी फाडफाड बोलतात, पोरांचा प्रोजेक्ट करतात.

शंकेखोर

मुक्ता, स्थळांचा मुद्दा भारी आहे. म्हणजे इंग्रजीचा परतावा पगारात कमी आणि लग्नाच्या बाजारात जास्त? हे मोजणार कसं?

आकडेमोड

मोजलंय त्यातलं थोडं. त्याच दादरच्या पेपरात आहे की इंग्लिश मीडियमला शिकलेली मुलं जातीबाहेर लग्न जास्त करतात आणि महाराष्ट्राबाहेर पण जास्त जातात. लेखक म्हणतात साखळी आतून सुटायला सुरुवात झालीय ती इथूनच, कारण जातीतलं लग्न हाच त्या साखळीचा मुख्य दुवा.

आणि नोकरीने लग्नावर काय होतं याचा एक झकास प्रयोग रॉबर्ट जेन्सनने केलाय, २०१२ ला छापला. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत, चिठ्ठ्या टाकून काही गावं निवडली आणि तिथे तीन वर्षं कॉल सेंटरवाल्या भरतीच्या माणसांना पाठवून फक्त तरुण मुलींना नोकऱ्या कुठे आहेत, मुलाखत कशी द्यायची हे सांगितलं. पैसे वाटले नाहीत, शाळा काढली नाही, फक्त माहिती. त्या गावांतल्या मुलींची लग्नं आणि बाळंतपणं लांबली, नोकरी करणाऱ्या आणि पुढे शिकणाऱ्या वाढल्या, इतकंच नाही तर लहान मुलींचं शाळेत जाणं पण वाढलं. म्हणजे मुलग्यांना मामा-काका जे फुकट सांगायचे ते मुलींना कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं.

खडूफळा

मी मास्तर आहे, झेडपीत आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लावतो, नको असेल त्यांनी खाली जा.

तुम्ही सगळे मीडियम मीडियम करताय पण शाळेच्या पाटीवर इंग्लिश मीडियम लिहिलं म्हणजे पोराला इंग्रजी आलं असं नसतं. आमच्या तालुक्याच्या गावी एका शाळेत, नाव घेत नाही, बाई वर्गात पुस्तकातलं इंग्रजी वाक्य वाचतात, मग त्याचा मराठीत अर्थ सांगतात, मग पोरं इंग्रजीतलं उत्तर पाठ करतात. सातवीच्या एका पोराला मी विचारलं, फोटोसिंथेसिस म्हणजे काय, त्याने डोळे मिटून पूर्ण व्याख्या म्हणून दाखवली, एक शब्द चुकला नाही. मग विचारलं की झाडाला ऊन कशाला लागतं रे, तर गप्प. नाही आलं. त्याची फी भरायला बापाने म्हैस विकली होती.

याच्यावर पण विदा आहे. आंध्रात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी खेड्यातल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून प्रायव्हेट शाळेत जायची व्हाउचर दिली. चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांइतकेच मार्क, हिंदीत जास्त, कारण सरकारी शाळा तेव्हा हिंदीला वेळच देत नव्हती. प्रायव्हेटचा खर्च मात्र सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी, आता याच्यावरून आमच्या पगारावर घसरू नका. माझा मुद्दा वेगळाय. त्यातच असं दिसत होतं की जी मुलं तेलुगू मीडियमच्या प्रायव्हेटमध्ये गेली त्यांचं बरं झालं आणि जी एकदम इंग्लिश मीडियमला गेली ती बाकीच्या विषयांत मागे पडली. घरात कुणाला येत नाही त्या भाषेत गणित शिकायचं म्हणजे एका वेळी दोन गणितं.

आणि पोरगं जिथे आहे तिथून शिकवलं तर भाषा कुठलीही असो, पुढे सरकतं. प्रथम या संस्थेचं बालसखी बघा ना. मुंबई आणि वडोदरा, २००१ ते २००३. वस्तीतलीच बारावी-दहावी झालेली मुलगी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस पोरं वर्गातून बाहेर काढायची आणि रोज दोन तास त्यांना नुसतं वाचन आणि हिशोब. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मंडळींनी मोजलं. पहिल्या वर्षी मार्क ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८. ऐकायला काहीच वाटत नाही ना? ०.२८ म्हणजे वर्गात बरोबर मधोमध असलेलं पोरगं शंभरातल्या पन्नासाव्या नंबरवरून साधारण एकोणचाळिसाव्या नंबरवर येतं, आणि फायदा बहुतेक सगळा तळातल्या पोरांचा. पाचशे रुपयांत. बी.एड. नाही, डी.एड. नाही, प्रोजेक्टर नाही.

वर्षभराने परत तपासलं तर बरंचसं विरलं होतं, ०.१ च्या आसपास उरलं. २०१९ ला नोबेल मिळालं तेव्हा सगळ्या चॅनलवर बालसखीचं कौतुक, पण विरलं ते कुणी सांगेना. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. पोरगं परत त्याच वर्गात गेलं जिथे मास्तर पुस्तक संपवायच्या मागे आहे, आणि मास्तर पुस्तकाच्या मागे आहे कारण वरून अहवाल मागतात की पाठ कितवा चालू आहे.

बंड्या_सावंतवाडी

लांबण लावा हो मास्तर, वाचतोय.

अवांतर: म्हैस विकून फी हे आमच्या वाडीत पण झालंय, फक्त तिथे काजूची बाग.

न्यूजर्सीकर

इथून एक निरीक्षण. गावाकडच्या काका-मामांना हसणाऱ्यांनी आमच्या कंपनीत येऊन बघावं. जागा निघाली की पहिला मेसेज जातो कॉलेजच्या ग्रुपवर, मग शहराच्या ग्रुपवर. रेफरल दिला की बोनस मिळतो. आमच्या टीममध्ये एका वेळी सहा जण एकाच कॉलेजचे होते. हीच साखळी की, फक्त खानावळीच्या जागी कॅफेटेरिया. फरक एवढाच की ही साखळी वर घेऊन जाते म्हणून हिला कुणी जुनाट म्हणत नाही. मग प्रश्न असा की साखळी वाईट, की साखळी जिथे नेते ती जागा?

आकडेमोड

@न्यूजर्सीकर, या प्रश्नावर त्याच मुन्शींचा दुसरा पेपर आहे, २०११ चा, हिऱ्यांवर. यावर मी स्वतंत्र धागा काढणार होतो पण तुम्ही विषय काढलाच.

हिऱ्याच्या धंद्यात आधी पालनपुरी जैन आणि मारवाडी, जुने व्यापारी. काठियावाडी पटेल म्हणजे मुळात शेतकरी, सुरतेला हिरे घासायला आलेले कारागीर. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून ऑस्ट्रेलिया वगैरेकडून कच्चा माल वाढला, धंदा फुगला, आणि हे घासणारे हळूहळू स्वतः निर्यातदार व्हायला लागले. बापाकडे भांडवल नाही, अँटवर्पला ओळख नाही, कशाच्या जोरावर? तर आपल्यातल्याच लोकांच्या. या धंद्यात माल उधारीवर, शब्दावर फिरतो, बुडवला तर कोर्टात जाऊन उपयोग नाही, मग बुडवणाऱ्याला लगाम कोण घालणार? समाज, सोयरिकी. मुन्शी दाखवतात की काठियावाड्यांच्यात आपापसातली लग्नं आणि धंदा हातात हात घालून वाढले, त्याच काळात जुने व्यापारी समाज उलट आपापसातल्या सोयरिकी सोडत होते कारण त्यांना आता गरज नव्हती. ऑपेरा हाऊसच्या जुन्या गल्ल्यांपासून बीकेसीतल्या बोर्सपर्यंतचा (हिरेबाजारापर्यंतचा) प्रवास त्यातूनच झाला.

म्हणजे जातीची साखळी दादरला पोराला खाली धरून ठेवते आणि सुरतेला वर उचलते. माझ्या मते फरक हा की गिरणीवाल्यांच्या साखळीतून जे वाटलं जायचं ती दुसऱ्याच्या मालकीची नोकरी होती. मालकाने गेट बंद केलं की वाटायला काही उरलं नाही. हिरेवाल्यांच्या साखळीतून उधारी आणि गिऱ्हाईक वाटलं जात होतं. आता कुणीतरी म्हणणार मराठी माणसाला धंदा जमत नाही. कृपया नको. बदलीच्या पासवर बँक कर्ज देत नव्हती आणि गावच्या खोलीतल्या भिशीतून पॉवरलूम निघत नाही, एवढं साधं आहे ते.

गिरणगावचा_पोर

भिशीवरून आठवलं. वडिलांना गिरणीतून जे काही हातात आलं ते सगळं भिशीतल्या देण्यात गेलं, संपात दोन वर्षं ज्यांनी किराणा भरला त्यांचं. कुणी मागायला आलं नव्हतं, वडिलांनी स्वतः जाऊन दिलं. मला तेव्हा राग आला होता, त्या पैशात चाळीतली खोली मोठी झाली असती. पण नाही दिलं असतं तर मला चिकटवायला कोण आलं असतं?

पोटापाण्याचं_बघा

वरच्या या प्रतिसादातच अख्खा एक पेपर आहे :) मुन्शी-रोझेनझ्वाइग यांचाच, २०१६. शहरात मजुरी एवढी जास्त असताना खेड्यातले पुरुष कायमचे शहरात का जात नाहीत? तर गावात दुष्काळ, आजारपण, लग्न यावेळी उसने देणारे आपल्याच जातीतले, आणि कुटुंबातला पुरुष शहरात निघून गेला की त्याच्यावर लक्ष ठेवता येत नाही, मग त्याला उसने देणार कोण. बँकेतून नाही मिळत ते इथून मिळतं, पण पाय बांधून घेऊन. गंमत म्हणजे जातीत जे तुलनेने सधन ते आधी बाहेर पडतात, कारण उसनवारीत त्यांच्याकडून जातं जास्त, येतं कमी.

आमच्या बीड-धारूरकडे ऊसतोडीला जाणारे बघा, सहा महिने कारखान्यावर पण रेशनकार्ड, घर, सगळं गावात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. त्याला पण साखळीच म्हणायचं का, तेवढं ठरवा.

निळी_शाई

उचल ही साखळी नाही, बेडी आहे. काकाने शब्द टाकला तर काका व्याज लावत नाही. मुकादम उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला तुला बांधून ठेवतो. दोन्हीला एका शब्दात बसवू नका.

आणि आकडेमोड, तुमच्या "हिशोब बरोबर होता" या वाक्यावर मी अजून अडलोय. बापाचा हिशोब बरोबर होता हे मान्य. पण ज्या बापाला साखळीच नव्हती किंवा झाडूपर्यंतचीच होती, त्याने पोराला कर्ज काढून शिकवलं, मराठी तर मराठी, पण कॉलेजपर्यंत नेलं, राखीव जागेवर बँकेत, पोस्टात, रेल्वेत लावलं. आमच्या घरात तेच झालं. सरकारी नोकरीला काका लागत नाही, परीक्षा लागते. हा तिसरा रस्ता तुमच्या धाग्यात कुठेच नाही.

आकडेमोड

नाहीये, बरोबर. आणि तो रस्ता आता दरवर्षी अरुंद होतोय, कंत्राटी भरतीमुळे, त्यामुळे त्याच्यावर बोलायचं तर आत्ताच बोललं पाहिजे. तुम्ही धागा काढा, मी आकडे आणतो.

बंड्या_सावंतवाडी

एक बाळबोध प्रश्न, सेमी-इंग्लिशचं काय? पोरगी पाचवीत जाणार आहे, गणित-विज्ञान इंग्रजीत घ्यायचं का ते या महिन्यात सांगायचंय शाळेला.

खडूफळा

पोरीला मराठीत लिहिलेलं शाब्दिक गणित स्वतः वाचून सोडवता येतं का ते आज संध्याकाळी बघा. दोन-तीन ओळींचं, "इतके किलो, इतके रुपये, किती परत मिळतील" असलं. येत असेल तर खुशाल सेमी घ्या, सुरुवातीला दोन महिने घरी संज्ञा दोन्ही भाषांत म्हणून घ्या. येत नसेल तर आधी ते. आणि शाळेत जाऊन विचारा की सेमीचं गणित शिकवणार कोण, आणि त्या मास्तरांना पाच मिनिटं इंग्रजीत बोलायला लावा, लाजू नका.

शंकेखोर

मास्तर, मास्तरांचीच परीक्षा घ्यायला सांगताय :D

अवांतर, ऊसतोडीवरून रोजगार हमी आठवली. त्यावर पण मार्टिन रॅवेलियन वगैरेंचा पेपर आहे ना, ८८ साली मजुरी एकदम वाढवली तेव्हा काम मिळणंच कमी झालं तो? योजनेचे जनक वि. स. पागे, ६५ चा तासगावचा प्रयोग, ७२ चा दुष्काळ, सगळं आपल्याच घरातलं आणि आपल्यालाच माहीत नाही.

आकडेमोड

हो, आहे. मजुरी वाढली पण पैसा तेवढाच, मग "मागेल त्याला काम"ची हमीच कातरली गेली असा त्यांचा निष्कर्ष. पण ते इथे सुरू केलं तर दादर राहील बाजूला. रविवारी वेगळा धागा टाकतो, पोटापाण्याचं_बघा यांनी तोपर्यंत त्यांच्याकडची हजेरीपटाची माहिती काढून ठेवावी.